वैद्यकीय साहाय्यक, प्रमाणित

वैद्यकीय साहाय्यक, प्रमाणित : बाह्यरुग्ण चिकित्सालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णसेवेची प्राथमिक कामे व कार्यालयीन कामे करणारा आणि त्यासाठी ठरविलेली परीक्षा उत्तीर्ण झालेला कर्मचारी. हा व्यवसाय मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला. २०२२ मध्ये तेथे साडेसात लाखांहून अधिक वैद्यकीय साहाय्यक होते. तथापि ते सर्वच प्रमाणित नसतात. निदान करण्याचा व औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेला तेथील ‘फिजिशियन असिस्टंट’ हा व्यावसायिक याहून वेगळा होय. महाराष्ट्रातील खाजगी दवाखान्यांतील कंपाउंडरशी या कर्मचाऱ्याचे काहीसे साम्य आहे. परंतु औषधे तयार करणे हे कंपाउंडरचे मूळ काम त्याच्याकडे नसते.

इतिहास व अर्हता : ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्स’ ही संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली व १९६३ मध्ये तिने प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. ‘अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स’ ही संस्था १९७२ पासून ‘नोंदणीकृत वैद्यकीय साहाय्यक’ ही समकक्ष अर्हता देते. प्रशिक्षण सामान्यतः एक ते दोन वर्षांचे असून त्यात शरीररचना, वैद्यकीय परिभाषा, निर्जंतुकीकरण, औषधांच्या मात्रेचे गणित, कायदा व नीती हे विषय आणि प्रत्यक्ष चिकित्सालयातील अनुभव यांचा समावेश होतो. पहिल्या संस्थेचे प्रमाणपत्र ६० महिन्यांपर्यंत ग्राह्य असते व नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते.

कार्य : रुग्णाचे स्वागत, पूर्वेतिहास, चालू औषधे व ॲलर्जी यांची नोंद, तपमान, नाडी व रक्तदाब मोजणे, रक्ताचे नमुने घेणे, ई. सी. जी. आलेख काढणे, अंतःक्षेपणे व लसी देणे, मूत्र व रक्तशर्करा यांच्या सोप्या चाचण्या करणे, तपासणी-खोली सज्ज ठेवणे, विम्याची कागदपत्रे भरणे आणि पुढील भेटीची वेळ ठरविणे ही त्याची प्रमुख कामे होत. यांपैकी पुष्कळ कामे साधी वाटली, तरी डॉक्टरांचा निर्णय त्यांवर आधारलेला असतो. उदा., रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णास सुमारे पाच मिनिटे शांत बसवावे लागते. त्याची पाठ टेकलेली, पावले जमिनीवर व दंड हृदयाच्या पातळीवर असावा लागतो. दंडावरील पट्टा आखूड असल्यास आकडा प्रत्यक्षाहून अधिक येतो. अशी सदोष नोंद झाल्यास निरोगी व्यक्तीस अनावश्यक औषध सुरू होण्याचा संभव असतो.

मर्यादा : वैद्यकीय साहाय्यकाने माहिती गोळा करावी; तिचा अर्थ लावणे मात्र त्याच्या अधिकारात नसते. छातीत दुखत असल्याचे रुग्णाने दूरध्वनीवरून कळविल्यास ‘हे पित्तामुळे असेल’ असे सांगण्याचा त्याला अधिकार नसतो. लेखी नियमानुसार त्याने ती बाब तात्काळ डॉक्टर वा परिचारिका यांच्याकडे सोपवावयाची असते. गर्दीच्या चिकित्सालयात रुग्णाशी अधिक वेळ त्याचेच बोलणे होत असल्याने ही मर्यादा पाळणे कठीण, परंतु अत्यावश्यक ठरते.

बहुतेक राज्यांत या कामासाठी शासकीय परवाना लागत नाही व अनुज्ञेय कामे राज्यपरत्वे भिन्न असतात. कॅलिफोर्नियात अंतःक्षेपणे देण्यास ठराविक तासांचे प्रशिक्षण पुरते, परंतु शिरेतून औषध देण्यास मनाई आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१३ पासून शासकीय नोंदणी वा प्रमाणन अनिवार्य केले. त्याच वर्षापासून संगणकीय नोंदपद्धतीसाठीच्या संघीय प्रोत्साहन योजनेत डॉक्टरांचे आदेश नोंदविण्यास प्रमाणित साहाय्यक पात्र मानले गेले. त्यामुळे प्रमाणपत्राचे महत्त्व वाढले. तथापि प्रमाणपत्राने अधिकारकक्षा आपोआप विस्तारत नाही. सोपविलेले काम शिकलेल्या व्यक्तीच्या हाती आहे, एवढीच ग्वाही ते रुग्णास देते. कामाची अंतिम जबाबदारी देखरेख करणाऱ्या डॉक्टरांकडेच राहते.