पडदा अन् पेटी एकाच नाटकाची हवी
गावच्या नाटकात पडदे भाड्याने येतात, संगीत ऐनवेळी ठरतं. मग झोपडीच्या प्रसंगामागे महाल दिसतो. यावरचा उपाय खर्चिक नाही.

१९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेलं 'घाशीराम कोतवाल' बघा. नाटक विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. ओळीनं उभी राहून गाणारी, डुलणारी माणसं हाच पडदा. तीच कधी भिंत, कधी गर्दी. दृश्य अन् सूर वेगळे काढताच येत नाहीत.

आपल्या मंडळानंही पहिल्याच तालमीला नेपथ्य, कपडे, लाईट बघणारे अन् पेटी-ढोलकीवाले एकत्र बसवून संहिता वाचावी. नाटकाचा मुख्य रंग, मुख्य वाद्य तेव्हाच ठरवावं. त्यात न बसणारा पडदा फुकट मिळाला तरी नको म्हणावं.