एजन्सीमार्फत गाडी चालवताय? ब्रिटनमध्ये घर ते डेपोच्या प्रवासावर टॅक्स परत मिळतो का?

'यूकेमध्ये ड्रायव्हर आहात? चार वर्षांच्या पेट्रोल खर्चावरचा टॅक्स परत मिळवा. रिफंड नाही, तर फी नाही!'

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींच्या फेसबुक ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर अशा धाटणीची जाहिरात दिसली, की खाली कमेंट्स सुरू होतात. 'भावा, मलापण लिंक दे.' 'माझ्या रूममेटला मिळाले, खरं आहे.' 'एजन्सीवाल्यांना पण मिळतात का?'

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याचं थोडक्यात उत्तर असं, की घर ते डेपोच्या प्रवासावर बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. कामाच्या इतर काही प्रवासांवर मात्र मिळतं. हा फरक न कळता केलेला दावा नंतर महागात पडू शकतो.

जाहिरातीतलं गणित कसं असतं?

एक उदाहरण घेऊ. लेस्टरमध्ये राहणारा एक ड्रायव्हर एजन्सीमार्फत काम करतो. सहा आठवडे लटरवर्थच्या गोदामावर, मग चार महिने डॅव्हेंट्रीला, मग आणखी कुठेतरी. स्वतःची कार घेऊन तो डेपोवर जातो, तिथून कंपनीची लॉरी घेतो आणि संध्याकाळी लॉरी लावून आपल्या कारने घरी येतो. एका बाजूचं अंतर सरासरी २० मैल आणि वर्षात २०० दिवस काम धरलं, तर प्रवास ८,००० मैलांचा झाला.

ब्रिटनचं कर खातं म्हणजे एचएमआरसी. कामासाठी स्वतःची कार वापरली तर वर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि त्यापुढे २५ पेन्स, असा दर २०२५-२६ या करवर्षात आहे. त्या हिशेबाने ८,००० मैलांचे ३,६०० पाउंड होतात. इथेच अनेकांचा पहिला गैरसमज होतो. हे ३,६०० पाउंड हातात येत नाहीत. तेवढ्या उत्पन्नावरचा कर माफ होतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७२० पाउंड.

चार वर्षांचे २,८८० पाउंड. आकडा मोठा आहे, त्यामुळे जाहिरातीवर बोट जाणं साहजिक आहे. पण हे ८,००० मैल मुळात मोजलेच जाणार नसतील तर?

'तात्पुरतं ठिकाण' म्हणजे नेमकं काय?

भारतात नोकरदाराला स्टँडर्ड डिडक्शन एकरकमी मिळतं, नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये. तुम्ही लोकलने जाता की रिक्षाने, हे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये मात्र प्रत्येक प्रवास कुठून कुठे आणि कशासाठी केला, यावर सवलत ठरते.

घरापासून नेहमीच्या कामाच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास खासगी मानला जातो आणि त्यावर सवलत नाही. 'तात्पुरत्या' ठिकाणी जावं लागलं तर मात्र आहे. कंपनीचा कायम नोकरीतला ड्रायव्हर तीन महिन्यांसाठी दुसऱ्या शहरातल्या डेपोवर पाठवला गेला, तर तो डेपो त्याच्यासाठी तात्पुरता ठरतो. याला २४ महिन्यांची मर्यादा आहे. कामाचा ४० टक्के किंवा जास्त वेळ एकाच ठिकाणी जाणार असेल आणि हे २४ महिन्यांहून जास्त चालणार असं माहीत असेल, तर सवलत थांबते.

हे वाचून एजन्सीच्या ड्रायव्हरला वाटतं, 'मी तर कुठेच २४ महिने नसतो. माझी सगळीच ठिकाणं तात्पुरती!'

पण कायदा त्याच्याकडे तसं बघत नाही. ६ एप्रिल २०१६ पासून लागू असलेल्या नियमानुसार, एजन्सी किंवा अंब्रेला कंपनीसारख्या मध्यस्थामार्फत काम करणाऱ्याचं प्रत्येक काम ही स्वतंत्र नोकरी धरली जाते. लटरवर्थ ही एक नोकरी, डॅव्हेंट्री ही दुसरी. त्या त्या नोकरीपुरता तो डेपो 'कायमचं' ठिकाण ठरतो, मग ती नोकरी सहा आठवड्यांची का असेना.

याला एक अट आहे. काम कसं करायचं हे सांगण्याचा किंवा त्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार कोणाकडे तरी असेल, तर हा नियम लागतो. तो अधिकार प्रत्यक्ष वापरला नाही तरी चालतो. ट्रान्सपोर्ट ऑफिस रूट देतं, डिलिव्हरीची वेळ ठरवतं, लॉरी कुठे लावायची तेही सांगतं. अशा ड्रायव्हरने 'माझ्यावर कोणाचा हुकूम चालत नाही' असं सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे.

म्हणजे एकाच गेटमधून, एकाच वेळी दोन ड्रायव्हर आत जातात. एक कंपनीचा, तात्पुरता पाठवलेला. त्याला सवलत आहे. दुसरा एजन्सीचा, ज्याचं आयुष्यच तात्पुरतं आहे. त्याला नाही. हे अन्यायाचं वाटत असेल तर त्यात चूक काही नाही, पण नियम सध्या असाच आहे.

२०१६ च्या आधी अनेक अंब्रेला कंपन्या वेगवेगळी कामं एकाच सलग नोकरीत गुंफून या प्रवासाची सवलत मिळवून देत. जुने ड्रायव्हर 'आम्हाला तर मिळायचे' म्हणतात ते यामुळे. त्यांचं खोटं नाही, फक्त नियम बदलला.

मग मिळतं कशावर?

घर ते डेपो सोडलं तरी काही खर्च उरतात. एकाच कामात, एकाच शिफ्टमध्ये तुम्हाला एका डेपोवरून दुसऱ्या डेपोवर स्वतःच्या कारने पाठवलं, तर ते मैल धरता येतात. एजन्सी त्यासाठी मैलामागे २५ पेन्स देत असेल, तर उरलेल्या २० पेन्सवर सवलत मागता येते. असे १,००० मैल झाले तर फरक २०० पाउंडांचा, आणि हातात ४० पाउंड. रक्कम छोटी आहे, पण हक्काची आहे. मात्र सकाळी एका एजन्सीचं काम आणि दुपारी दुसऱ्या एजन्सीचं, यांच्यामधला प्रवास धरता येत नाही. ते दोन वेगळे मालक आहेत.

कामाच्या फेरीत स्वतःच्या खिशातून भरलेला टोल किंवा पार्किंग धरता येतं. दंडाची पावती धरता येत नाही.

रात्रीच्या मुक्कामाबद्दलही गोंधळ असतो. लॉरी ड्रायव्हरला कामासाठी बाहेर रात्र काढावी लागली, तर कंपनी त्याला ३४.९० पाउंडांपर्यंत भत्ता करमुक्त देऊ शकते. लॉरीत झोपायची सोय असेल तर २६.२० पाउंड. पण हे आकडे कंपनीने द्यायच्या भत्त्यासाठी आहेत. कंपनीने काहीच दिलं नाही म्हणून ड्रायव्हरने स्वतः 'रात्रीचे ३४.९०' असा सरसकट दावा लावता येत नाही. त्याला जेवणाच्या, पार्किंगच्या प्रत्यक्ष पावत्या दाखवाव्या लागतात.

आणि ज्याने करच भरला नाही, त्याला कशाचीच सवलत नाही. वर्षाला १२,५७० पाउंडांपर्यंत बहुतेकांना आयकर लागत नाही. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करू शकणारे बरेच विद्यार्थी याच्या आतबाहेर असतात.

'पण माझ्या मित्राला खरंच रिफंड मिळाला!'

मिळाला असेल, पण बहुधा वेगळ्या कारणाने. दोन एजन्सींकडे काम करणाऱ्यांच्या दुसऱ्या पे-स्लिपवर अनेकदा 'बीआर' हा टॅक्स कोड असतो. म्हणजे त्या पगारावर पहिल्या पाउंडापासून २० टक्के कर. नवीन नोकरीत इमर्जन्सी कोड लागला, तरीही जास्त कर कापला जाऊ शकतो. तो जादा कापलेला कर परत मिळतो आणि त्याचा प्रवासाशी काही संबंध नाही. त्यासाठी एजंटही लागत नाही. एचएमआरसीच्या वेबसाइटवर स्वतःच्या खात्यात जाऊन टॅक्स कोड फुकट तपासता येतो.

एजंटकडून प्रवासाचा दावा केला, तर धोका कोणाचा? आधीच्या उदाहरणातले २,८८० पाउंड एजंटने मिळवले आणि समजा ४० टक्के कमिशन, म्हणजे १,१५२ पाउंड, कापून घेतले. ड्रायव्हरच्या हातात १,७२८ आले. वर्षभराने एचएमआरसीने तपासणी करून दावा फेटाळला, तर पूर्ण २,८८० पाउंड ड्रायव्हरकडून वसूल होतात. वर व्याज, आणि दंडही लागू शकतो. दावा त्याच्या नावावर असतो, एजंटच्या नाही.

पूर्वी काही एजंट अशा कागदावर सही घेत, की पुढचे रिफंडही कायद्याने त्यांचेच व्हायचे. १५ मार्च २०२३ पासून असे करार अवैध आहेत. पण 'पैसे माझ्याऐवजी एजंटच्या खात्यात पाठवा' अशी संमती आजही देता येते. सही करताना फॉर्मचा तो भाग नीट वाचावा.

दावा स्वतः कसा करायचा?

नोकरदारांसाठी पी ८७ नावाचा फॉर्म आहे. वर्षाचा खर्च २,५०० पाउंडांच्या वर असेल तर तो चालत नाही, सेल्फ असेसमेंटचं विवरणपत्र भरावं लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून प्रवासाच्या दाव्यासोबत पुरावे जोडणं सक्तीचं झालं आहे. मैलांसाठी प्रत्येक फेरीची नोंद हवी: निघालात तिथला पोस्टकोड, पोहोचलात तिथला पोस्टकोड आणि जाण्याचं कारण. हे चार वर्षांनी आठवून लिहिता येत नाही. म्हणून शिफ्ट संपली की फोनच्या नोट्समध्ये तीन ओळी टाकून ठेवलेल्या बऱ्या.

करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं चालतं आणि ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत दावा करता येतो. २०२२-२३ मध्ये केलेल्या कामासाठी शेवटची तारीख ५ एप्रिल २०२७ आहे.