कोपराचा अस्थिभंग : कामट्या, प्लास्टर आणि तारा

म्हसवडला काय किंवा माणदेशातील दुसऱ्या कोणत्याही गावी काय, चिंचेवरून पडलेल्या मुलाचे कोपर टम्म सुजले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पोराचे कोवळे हाड, हाडवैद्याने कामट्या बांधल्या की आपोआप सरळ होईल, आणि दुसरा म्हणतो, सातारा-मिरजेस नेले की डॉक्टर चिरफाड केल्यावाचून सोडणार नाहीत.

पहिल्याचे म्हणणे खांद्यापाशी खरे, कोपरापाशी खोटे. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडील टोकाशी होते, कोपराकडे अवघी २० टक्के. म्हणून खांद्यालगतचा बाक वाढत्या वयात बराचसा निघून जातो, पण कोपराच्या वर हाड तिरपे जुळले तर आत वळलेला हात जन्मभर तसाच राहतो. दुसऱ्याचे भयही अनाठायी, कारण शल्यविशारद गार्टलंडने १९५९ साली कोपरावरच्या मोडीसाठी घालून दिलेल्या वर्गवारीप्रमाणे जागचे न हललेले हाड सुमारे तीन आठवड्यांच्या प्लास्टरनेच जुळते, आणि पुरते सरकलेले हाडसुद्धा बहुधा भूल देऊन, न चिरता, बाहेरूनच बसवून बारीक तारांनी स्थिर करतात. मधल्या प्रतीच्या मोडीविषयी मात्र तज्ज्ञांतही एकमत नाही.

खरी धास्ती बाळगावी ती आवळलेल्या बंधनाची. सुजेवर घट्ट पट्टा बसला, मग तो हाडवैद्याचा असो वा डॉक्टरच्या प्लास्टरचा, की हाताच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच ते मरू लागतात. शल्यविशारद फोल्कमनने १८८१ साली वर्णिलेला, बोटे कायमची आकसून टाकणारा विकार तो हाच. बोटे थंड वा फिकट पडली, ती सरळ करताना मूल किंचाळू लागले, वेदना औषधालाही जुमानेना, तर सकाळची वाट न पाहता बंधन सोडवून घ्यावे व रुग्णालय गाठावे. प्लास्टर निघाल्यावर तेल लावून रगडण्याची हौसही आवरावी. त्याने स्नायूत हाड धरू शकते, आणि खेळता खेळता मूल कोपर आपणच मोकळे करते.

कोपराच्या बाहेरील बाजूची मोड मात्र फसवी. तिथला बराच भाग कूर्चेचा असल्याने क्ष-किरणांत ती क्षुल्लक दिसते. फट दोन मिलिमीटरांहून अधिक असेल तर येथे शस्त्रक्रियाच बहुधा योग्य, कारण न जुळलेल्या हाडाने कोपर बाहेर वळत जाते आणि कित्येक वर्षांनी, मूल कर्ते झाल्यावर, करंगळी-अनामिकेची नस ताणली जाऊन हाताची पकड सुटू लागते.