चोची आणि समजुती: काशीच्या गंगेवरून

काशीला जाणारं मराठी माणूस विश्वनाथाचं दर्शन घेतं, गंगेत बुडी मारतं आणि होडीत बसून भोसले घाट, अहिल्याबाई घाट, सिंदिया घाट अशी ओळखीची नावं वाचत फिरतं. मुद्दाम पक्षी पाहायला तिथे सहसा कुणी जात नाही. पण घाट, समोरची रेती आणि शहराबाहेरची तळी एवढ्या टापूत हिवाळ्यात चोचींचे कितीतरी नमुने दिसतात, आणि चोचीबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती तिथेच तपासून पाहता येतात.

सर्वांत पसरलेली समजूत म्हणजे चोच नखासारखी निर्जीव असते, कापली तरी पक्ष्याला काही होत नाही. पिंजऱ्यातल्या पोपटांची चोच याच समजुतीपायी बेधडक छाटली जाते. वरचं आवरण केराटिनचं असतं आणि ते झिजतं, वाढतं, हे खरं. पण आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत. पोपटांच्या आणि बदकांच्या चोचीचं टोक तर स्पर्शाला फार संवेदनशील असतं. शिवाय आपला वरचा जबडा हलत नाही, पोपटाची वरची चोच हलते. चढताना तो तिचा वापर पायासारखा करतो. (आपल्याकडचे पोपट पाळणंच 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा छाटणीचा प्रश्नच येऊ नये.)

आता तळ्याकाठचा उघड्या चोचीचा करकोचा पाहा. त्याने चोच मिटली तरी मधोमध फट राहते. पाहणाऱ्याला वाटतं, चोच मोडलेली असावी. ज्यांना तो गोगलगायी खातो हे माहीत असतं ते म्हणतात, फटीत शंख धरून अडकित्त्यासारखा फोडत असणार. दोन्ही चूक. शंख फोडायची त्याला गरजच नसते. वरच्या चोचीच्या टोकाने तो शंख चिखलात दाबून धरतो. खालच्या चोचीचं टोक धारदार आणि किंचित एका बाजूला वळलेलं असतं, ते शंखाच्या तोंडातून आत सरकवून गोगलगायीचा स्नायू कापतो आणि मऊ शरीर अख्खं बाहेर ओढतो. रिकामा शंख बहुधा न फुटता मागे राहतो. हे सगळं बऱ्याचदा पाण्याखाली, न पाहता चालतं. डोळे झाकले तरी हा पक्षी गोगलगाय बाहेर काढू शकतो, असं पक्षितज्ज्ञ जेर्डन यांनी 19व्या शतकातच नोंदवून ठेवलं आहे. मग फट कशासाठी? पिल्लांच्या चोचीला ती नसते, तरी ती गोगलगायी खातात. म्हणजे फटीवाचून अडत नाही. पण फटीमुळे टोकांची पकड आणि जोर वाढतो, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटणारं वाटतं.

मोडकी वाटणारी आणखी एक चोच पाणचिऱ्याची. गंगा आणि चंबळेच्या रेतीवर हा पक्षी अंडी घालतो. त्याची खालची चोच वरचीपेक्षा स्पष्टपणे लांब असते. ती पाण्यात बुडवून तो नदीच्या पृष्ठभागालगत सरळ उडत जातो, तेव्हा तो पाणी पितो आहे असं वाटतं. खरं तर तो मासेमारी करत असतो. खालच्या चोचीला मासा लागला की वरची क्षणात मिटते. शिकार स्पर्शावर चालत असल्याने संध्याकाळच्या अंधुक उजेडातही त्याचं काम थांबत नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या दोन्ही चोची मात्र सारख्याच असतात, त्यामुळे त्याला जमिनीवरचा घास उचलता येतो. हा पक्षी आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे.

घाटासमोर एका जागी पंख फडफडवत थांबणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या तुम्ही पाहिला असेल. तो चोच भाल्यासारखी खुपसून मासा भोसकतो, असं सर्रास लिहिलं जातं. खंड्या मासा भोसकत नाही, चिमटीत पकडतो. मासा मोठा असेल तर बसायच्या जागी आपटून त्याला मारतो आणि डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले आणि पर घशात अडकत नाहीत. खरोखर भोसकणारा पक्षी वेगळा, सापासारख्या मानेचा तिरंदाज.

पंडितांच्या या नगरीत नीरक्षीरविवेकाचा विषय टाळता येत नाही. हंस दूध आणि पाणी वेगळं करतो ही कविकल्पना सुंदर आहे, पण पाण्यात मिसळलेलं दूध कुठलीच चोच वेगळं करू शकत नाही. हंस-बदकांच्या चोचीच्या कडेला बारीक दाते असतात. थापट्या बदकात ते इतके दाट असतात, की चोचीत घेतलेलं पाणी कडेने बाहेर जातं आणि बिया, बारीक जीव आत राहतात. पट्टेरी हंस त्याच कडांनी गवत खुडतो.

एवढं वाचून ‘गरज पडली म्हणून चोच लांब झाली’ असं वाटण्याचा धोका आहे. एखादा पक्षी प्रयत्नाने चोच बदलत नाही. गालापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावर जीवशास्त्रज्ञ पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी हे मोजून दाखवलं. 1977च्या दुष्काळात लहान, मऊ बिया संपल्या. टणक बिया फोडू शकणारे जाड चोचीचे फिंच जास्त संख्येने वाचले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. बदल झाला तो पिढीत.

राहिले होडीभोवती घिरट्या घालणारे पांढरे पक्षी. काशीत त्यांना सरसकट ‘सायबेरियन’ म्हणतात आणि पुष्कळांना ते सायबेरियन क्रौंच वाटतात. ते कुरव आहेत. काळ्या डोक्याचा कुरव युरोप-आशियाच्या उत्तरेत वीण करतो. तपकिरी डोक्याचा लडाख, तिबेट आणि मध्य आशियात. सायबेरियन क्रौंच भारतात शेवटचा दिसला तो 2002च्या सुमारास, भरतपुरात.

कुरवाची मजबूत, टोकाला किंचित वाकलेली चोच कुठल्याही एका खाण्यासाठी घडलेली नाही. मासा, किडा, गांडूळ, मेलेलं जनावर, सगळं तिला चालतं. म्हणूनच तो हवेत फेकलेली शेव झेलतो, आणि ‘आवडीने खातात, म्हणजे मानवते’ असा समज होतो. चोचीला जे उचलता येतं ते पोटाला हितकर असतंच असं नाही. कुरवांच्या डोक्यात जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळे शेवेने पक्षी लगेच मरत नाही. पण तळलेल्या मसालेदार बेसनाने पोट भरलं, की मासे-किड्यांचं पोषण हुकतं. शिवाय एका होडीभोवती शेकडो पक्षी खेटून आले की रोग पसरायला वाव मिळतो. जानेवारी 2021मध्ये बर्ड फ्लूच्या काळात वाराणसीच्या जिल्हा प्रशासनाने पक्ष्यांना खाऊ घालायला मनाई केली होती.

तेव्हा पुढच्या खेपेला होडीत बसाल तेव्हा शेवेचं पाकीट घेऊ नका, मुलांनाही घेऊन देऊ नका. त्याऐवजी एक साधी दुर्बीण सोबत न्या आणि नावाड्याला होडी रेतीच्या बाजूने, अंतर राखून, हळू न्यायला सांगा.