फ्लेक्स, फवारणीचा डबा, मोबाइल : ही अक्षरं नि चित्रं घडवतं कोण?

परभणी : जिंतूर असो, गंगाखेड असो की पाथरी, चौकात फ्लेक्स नाही असा दिवस जात नाही. फ्लेक्सवर पुढाऱ्याचं नाव असतं, शुभेच्छुकांची रांग असते. पण ज्यानं रात्री बसून तो फ्लेक्स मांडला, अक्षरं बसवली, रंग जुळवले, त्याचं नाव कुठंच नसतं. या कामाला ग्राफिक डिझाइन म्हणतात. आपण ते दिवसभर बघतो, पण त्याकडे काम म्हणून क्वचितच बघतो.

₹ कोणी काढला?

फोन-पेवर पैसे आले की रकमेच्या आधी ₹ दिसतो. हे चिन्ह डी. उदयकुमार यांनी तयार केलं. ते मुंबई आयआयटीत डिझाइन शिकलेले. सरकारनं स्पर्धा घेतली आणि १५ जुलै २०१० रोजी त्यांच्या चिन्हाची निवड झाली. बक्षीस होतं अडीच लाख रुपये. चिन्ह नीट बघा : देवनागरी 'र' आणि इंग्रजी 'आर' ही दोन्ही अक्षरं त्यात एकत्र आहेत. लहान पोरालाही हातानं काढता येतं. साधं दिसणं हेच त्यातलं अवघड काम.

एका 'र'ची किती रूपं

मोबाइलवरची मराठी अक्षरंही आपोआप आलेली नाहीत. 'कर्ज', 'प्रपंच', 'ट्रॅक्टर', 'शेतकऱ्याला' हे चार शब्द बघा. चारही ठिकाणी 'र' जोडलाय, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप वेगळं. त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं धरा. एका मराठी फाँटसाठी शेकडो आकार काढावे लागतात, आणि ते एकमेकांशेजारी शोभले पाहिजेत.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणाऱ्यांना 'मंगल' फाँट माहीत असतो. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबई आयआयटीत त्यांनी अनेकांना अक्षरकला शिकवली. २००८ साली ते गेले. पुढच्या पिढीतल्या मुंबईच्या 'एक टाइप' गटानं 'मुक्ता', 'बलू', 'मोदक' असे फाँट काढले. त्यांचाच 'अनेक' हा फाँट रोमन धरून दहा लिप्यांत आहे. हे चारही फाँट गूगल फाँट्सवर मोफत मिळतात आणि धंद्यासाठीही वापरता येतात.

हाताच्या अक्षरालाही मान मिळतोय. मराठी नाटकांची शीर्षकं रंगवणारे कमल शेडगे २०२० साली गेले. त्यांचं अक्षर बघूनच नाटक गंभीर की विनोदी ते कळायचं. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

जिथं चुकलं तर जीवावर बेतेल

डिझाइन म्हणजे नुसती सजावट नव्हे. कीटकनाशकाच्या डब्यावर उभ्या पतंगासारखा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग औषध किती विषारी ते सांगतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. लाल डब्यावर कवटी नि हाडंही असतात. हिरवा रंग आहे म्हणून बिनधोक समजू नका, तेही विषच आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा, म्हणून ही खूण आहे. कापसावर फवारणी करणाऱ्यासाठी हे चित्र चार ओळींच्या सूचनेपेक्षा जास्त कामाचं.

चांगलं काम ओळखायचं कसं?

- लांबून वाचा. फ्लेक्स पलीकडच्या रस्त्यावरून वाचता आला पाहिजे. कार्यक्रम काय, कधी, कुठं हे आधी दिसलं पाहिजे.
- गर्दी मोजा. पाच प्रकारची अक्षरं, सात रंग आणि तीस फोटो असले की नजर कुठंच ठरत नाही. मोकळी जागा वाया गेलेली नसते.
- मराठी वळण बघा. मराठीतला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. शासनानं २००९ साली तसा निर्णयही काढलाय. पण अनेक फाँटमध्ये हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' येतो.
- चित्र गोष्ट सांगतं का? लेकराचं पाठ्यपुस्तक उघडा. मजकूर झाकून नुसत्या चित्रावरून धडा कशाबद्दल आहे ते त्याला विचारा. सांगता आलं तर चित्रकारानं काम चोख केलंय. सुरुवातीच्या पानांवर चित्रकाराचं नाव छापलेलं असतं, तेही वाचून दाखवा.

चौरस फुटात डिझाइन मोजू नका

आपल्याकडं फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर ठरतो. त्यात कापड आलं, शाई आली. डिझाइन मात्र 'त्यातच करून द्या'. वरून चार वेळा बदल. तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर बसणाऱ्या पोराचे दोन-तीन तास असे फुकट जातात. आता मोबाइल ॲपवर तयार नमुने मिळतात, एआय मिनिटात चित्र काढून देतं. मग हा धंदा टिकणार कसा? मजकुरातली शुद्धलेखनाची चूक पकडणारा, गावाची रीत जाणणारा माणूस हवा असेल, तर त्याच्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतील.

कायदाही कलावंताच्या बाजूनं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र काढलं की हक्क तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. मालकीहक्क दुसऱ्याला दिला तरी 'हे मी काढलंय' असं सांगण्याचा हक्क कलावंताकडंच राहतो (कलम ५७). म्हणून इंटरनेटवर सापडलेलं चित्र उचलून, खालची सही कापून पत्रिकेवर छापणं बरोबर नाही.

येत्या जयंतीला, लग्नाला किंवा सप्ताहाला फ्लेक्स लावणार असाल तर दोन गोष्टी करा. बिलात डिझाइनची रक्कम वेगळी लिहायला सांगा. आणि शुभेच्छुकांच्या रांगेखाली, बारीक अक्षरात का होईना, 'डिझाइन' लिहून त्या पोराचं किंवा पोरीचं नाव टाका. एका ओळीची जागा लागते, पण पुढचं काम त्याच ओळीवरून मिळतं.