मणिबेलीचा एक तास किती जीबी?

नर्मदाकाठचं मणिबेली १९९३च्या पावसाळ्यात बुडू लागलं, तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात इथल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. त्या वर्षांत आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी खोऱ्यातलं धरणविरोधी आंदोलन व्हिडिओवर टिपलं, आणि १९९५ साली ‘ए नर्मदा डायरी’ हा तासाभराचा माहितीपट आला. तो काठ आता पुन्हा चित्रित करता येणार नाही. मग असा एक तास जपायला जागा लागते तरी किती?

त्या काळच्या व्हिडिओची एक चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची, सेकंदाला चौकटी २५. काहीही काटछाट न करता साठवलं तर तासाला सुमारे ९३ जीबी. हाच तास ३५ मिमी फिल्मवर असता आणि ४के स्कॅन केला असता, तर एकेक चौकट ५१ एमबीची आणि तास ४.४ टीबीचा. थेट ४७ पट! १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचायला चार दिवस लागतील; हार्ड डिस्क घेऊन रात्रीच्या एसटीत बसलेला माणूस सकाळी तिथे हजर असेल.

पण माहितीपटासाठी चित्रित होतं त्यातलं थोडंच पडद्यावर येतं. बुडालेल्या गावाला मोल आहे ते संकलकाने बाजूला ठेवलेल्या कॅसेटींचं: कुणाचं शेत कुठे होतं, पायवाट कुठून उतरायची. समजा अशा कॅसेटी ५० तासांच्या आहेत. त्यांचे झाले ४.७ टीबी. जपणुकीच्या शिरस्त्याप्रमाणे तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी: १४ टीबी.

यातली एकेक प्रत एलटीओ-९ या डेटा साठवायच्या, तळहातावर मावणाऱ्या एकाच टेपमध्ये आरामात बसते. तिची क्षमता १८ टीबी. मेख टेप वाचणाऱ्या यंत्रात आहे. २०२१ साली आलेलं एलटीओ-९चं यंत्र २०१५च्या एलटीओ-७ची टेप वाचूच शकत नाही. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणं जपानच्या फुनाई कंपनीने तर २०१६ मध्येच थांबवलं. म्हणून दर सात वर्षांनी नवी नक्कल काढायची म्हटलं, तर शंभर वर्षांत १४ फेऱ्या, म्हणजे ५० तासांच्या चित्रणासाठी जवळपास २०० टीबींचं लिखाण. असा संग्रह उभा करताना डिस्कच्या किमतीआधी नकला काढणाऱ्या माणसाचा पगार धरायला हवा.