पापणीच्या शस्त्रक्रियेनंतरचा गॉगल : दाब हाडावर, डोळ्यावर नव्हे

डोळ्याचे ऑपरेशन म्हटले की आपल्याकडे मोतीबिंदूचे शिबिर आणि काळा चष्मा लावून बाकावर ओळीने बसलेली वयस्कर मंडळी आठवतात. पापणीची शस्त्रक्रिया मात्र वेगळी असते. पापणी आत वळून केस बुबुळाला टोचतात, वरची पापणी डोळ्यावर पडते, खालची पापणी बाहेर वळून डोळा सारखा पाझरतो, किंवा रांजणवाडीची जुनी गाठ काढावी लागते. अशा वेळी चाकू डोळ्याच्या आत जात नाही, तो पापणीवरच चालतो. म्हणून पुष्कळांना ही बाब किरकोळ वाटते. शस्त्रक्रिया बहुधा सुखरूप पार पडते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. पुढची काळजी घरच्यांच्या हाती असते, आणि हातात असतो एक गॉगल. तो कसा लावावा, हे खांडबारा परिसरातले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मला वरचेवर विचारतात. आजचा लेख त्यासाठीच.

प्रथम एक घोटाळा दूर करू. डोळ्यावर लावायच्या तीन वस्तू दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कामे निरनिराळी आहेत. काळा चष्मा ऊन आणि धूळ अडवतो. प्लास्टिकचे भोकांचे कवच किंवा बाजू बंद असलेला गॉगल झोपेत डोळ्याला हात लागू देत नाही आणि धक्का अडवतो. तिसरी वस्तू म्हणजे दाबाची पट्टी किंवा दाब देणारा गॉगल. सूज आणि रक्त साचणे कमी व्हावे म्हणून तो पापणीवर बेताचा दाब देतो. पहिल्या दोन वस्तू बहुतेकांना चालतात. तिसरी मात्र औषधासारखी आहे. तिचे प्रमाण ठरलेले असते आणि ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. रांजणवाडीची गाठ काढल्यावर काही तास दाबपट्टी बांधतात. इतर अनेक शस्त्रक्रियांनंतर दाब न देता फक्त मलम आणि थंड शेक सांगतात. म्हणून घरी निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारून घ्यावेत : हा गॉगल संरक्षणाचा की दाबाचा? दिवसातून किती तास लावायचा? किती दिवस लावायचा? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

दाबाबद्दल एवढी सावधगिरी कशासाठी? डोळा हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. मागे आणि बाजूंना हाड आहे, मोकळीक फक्त पुढच्या बाजूला. शस्त्रक्रियेनंतर एखादी बारीक रक्तवाहिनी पुन्हा वाहू लागली आणि रक्त डोळ्यामागे साचले, तर डोळा पुढे ढकलला जातो आणि दृष्टीच्या नसेचा व पडद्याचा रक्तपुरवठा दबतो. त्यात पुढून घट्ट गॉगल असेल तर उरलेली मोकळीकही बंद होते. शिवाय पट्टीखाली काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. असा रक्तस्राव विरळा आहे. अमेरिकेतील नेत्रशल्यविशारदांच्या २००४ मधील पाहणीत पापण्यांच्या सौंदर्यशस्त्रक्रियांनंतर तो सुमारे दोन हजारांत एकाला आढळला, आणि कायमची नजर त्याहून फार कमी जणांची गेली. पण तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो, म्हणजे रुग्ण घरी असतानाच. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर डोळ्याचा पडदा जेमतेम दीड-दोन तास तग धरतो. 'सकाळी बघू' म्हणण्याला येथे जागा नाही.

दुसरा धोका बुबुळाचा आहे. पडलेली पापणी वर उचलल्यावर पुष्कळदा काही आठवडे झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही. अशा उघड्या फटीवर कापूस किंवा गॉगलचा फोम टेकला तर बुबुळ घासले जाते आणि जखम होते. म्हणून रात्रीचे मलम चुकवू नये, आणि डोळा मिटलेला आहे याची खात्री झाल्याखेरीज त्यावर काहीही टेकवू नये.

आता गॉगल लावण्याची रीत. आधी साबणाने हात धुवावेत. गॉगल दोन्ही हातांनी समोरून अलगद ठेवावा, कपाळावरून खाली ओढू नये. त्याची कड वर भुवईच्या हाडावर आणि खाली गालाच्या हाडावर टेकली पाहिजे. पापणी, टाके आणि आतली काच किंवा प्लास्टिक यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे. दाबाचा गॉगल असेल तर डॉक्टरांनी स्वतः बसवून दाखवला त्याच खाचेवर पट्टा ठेवावा. पट्टा कानांवर अडकवू नये, कानांच्या वरून डोक्यामागे न्यावा. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकले पाहिजे. सूज उतरावी म्हणून तो आणखी ओढणे हा उपाय नव्हे. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते, त्यामुळे सकाळी ठीक असलेला पट्टा संध्याकाळी आपोआप घट्ट होतो. म्हणून तो सकाळ-संध्याकाळ तपासावा. गॉगल काढल्यावर कातडीवर खोल वळ दिसला आणि तो थोड्या वेळात गेला नाही, कातडी पांढरी किंवा बधिर वाटली, तर गॉगल घट्ट आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे.

बाजारातला पोहण्याचा किंवा मोटारसायकलवरचा गॉगल यासाठी वापरू नये. पोहण्याच्या गॉगलची कड हाडाच्या आतल्या मऊ भागात रुतते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. दुसऱ्याचा वापरलेला गॉगल तर नकोच. आपला गॉगल रोज साबण-पाण्याने धुवावा, स्वच्छ फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवावा. ओला फोम जंतूंचे घर आहे. आत वाफ धरत असेल तर हवेची भोके बुजली आहेत का ते पाहावे.

पहिल्या रात्रीचे काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यावे. जागेपणी दर तासाला आणि रात्री डॉक्टर सांगतील त्या अंतराने गॉगल सैल करून नजर तपासावी. चांगला डोळा झाकावा, दोन-तीन हातांवरून बोटे मोजायला लावावीत. वीज नसेल तर विजेरीचा उजेड दिसतो का ते विचारावे. मलमामुळे थोडे धुरकट दिसते. पण आधी मोजता आलेली बोटे आता मोजता येत नसतील तर ती धोक्याची खूण आहे. वाढत जाणारे तीव्र ठणके, पापणी दगडासारखी ताठ होणे, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, एकाची दोन दिसू लागणे, त्यासोबत उलट्या : यांपैकी काहीही झाले तर पट्टा सोडावा, गॉगल काढून ठेवावा आणि निघावे. वेदनाशामक गोळी देऊन वाट पाहू नये. रुग्णालयात डॉक्टर टाके उघडून साचलेल्या रक्ताला वाट करून देतात आणि दाब उतरवतात. वेळेवर पोहोचल्यास नजर वाचू शकते.

येथेच आपल्या भागाचा विचार करावा लागतो. सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे खांडबारा दिवसा सोयीचे आहे, पण गाडी रुग्णाच्या वेळेला येत नाही आणि पाड्यांवरून रस्त्यापर्यंत येण्यातच वेळ जातो. म्हणून माझा सल्ला असा की, शक्य असेल तर शस्त्रक्रियेची पहिली रात्र रुग्णालयात किंवा त्याच शहरातल्या नातेवाइकांकडे काढावी. गावी परतायचेच असेल तर डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची माहिती आणि शेजारच्या एखाद्या गाडीवाल्याचा होकार आधीच घेऊन ठेवावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. त्या मनाने बंद करू नयेत, तसेच मनाने पुन्हा सुरू करू नयेत.

सूज उतरवण्याचे खरे काम गॉगलपेक्षा साध्या गोष्टी करतात. दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून उताणे झोपावे. पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे हलका शेक द्यावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, कारण बधिर कातडीला पोळल्याचे कळत नाही. ओणवे होऊन भात लावणे, डोक्यावर हंडा किंवा मोळी घेणे, जड पोते उचलणे ही कामे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद ठेवावीत. चुलीच्या धुरापासून दूर राहावे. आपल्या जिल्ह्यात मिरचीच्या पथारींवर काम करणाऱ्या भगिनींनी तर टाके निघून जखम भरेपर्यंत तिकडे फिरकू नये. गॉगल मिरचीची धूळ पूर्ण अडवत नाही आणि डोळा चोळण्याचा मोह आवरत नाही.

पापणीच्या शस्त्रक्रियेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, केस डोळ्याला टोचत असल्यास वरच्या पापणीची जवाच्या आकाराची कातडी काढून ती केसाने शिवावी आणि पट्टा कपाळावर बांधावा असे सांगितले आहे. भार हाडावर द्यावा, डोळ्यावर नको, हे त्या काळीही ओळखलेले दिसते. तेथे मध-तूपही सांगितले आहे, पण आज घरचे मध-तूप टाक्यांवर लावू नये. डॉक्टरांचे मलमच वापरावे. आत वळणाऱ्या पापण्यांचे एक मोठे कारण असलेल्या खुपऱ्यांवर भारतात १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही सार्वजनिक आरोग्याची समस्या भारतातून दूर झाल्याचे मान्य केले. तरी जुन्या खुपऱ्यांनी किंवा वयोमानाने पापण्या आत वळलेले वृद्ध अजून आपल्या घरांत आहेत. चिमट्याने केस उपटत दिवस काढण्यापेक्षा त्यांनी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. बुबुळावर फूल पडल्यावर पापणी दुरुस्त केली तरी गेलेली नजर परत येत नाही.

शस्त्रक्रियेला घाबरण्याचे कारण नाही. घरी आणलेला गॉगल कशासाठी आहे ते समजून घ्या, त्याचा भार हाडावर राहू द्या, आणि पहिल्या रात्री कोणीतरी जागे राहून बोटे मोजायला लावा.